४२९४९६७२९७ मूळ संख्या नाही, हे फर्माला कळायला नको होतं का?

उरलेली_बाकी

भाची आठवीत आहे. परवा तिला मूळ संख्या समजावत होतो. मध्येच तिने विचारलं, "मामा, २ चे घात घेऊन त्यात १ मिळवला तर मूळ संख्या मिळतात का?" म्हटलं बघ करून. तिने वहीत लिहिलं: ३ चालते, ५ चालते, ९ नाही, १७ चालते, ३३ नाही, ६५ नाही, १२९ नाही (४३ त्रिक), २५७ चालते. थोडा वेळ वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, "२, ४, १६, २५६ वालेच चालतायत. प्रत्येक जण आधीच्याचा वर्ग आहे."

मी खुर्चीतून उठलोच. कारण हेच पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. पुढची २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७, आणि त्यापुढच्या सगळ्याही मूळच असणार, असं त्याचं म्हणणं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की या सहाव्या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. खेळ खलास.

हे ऐकून भाची म्हणाली, "६४१ पर्यंत भागायला वेळ तो किती लागतो? एवढा मोठा माणूस, एक दुपार काढता आली नाही त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. म्हणजे फार तर ११६ भागाकार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एक_आकडी

भाचीला दंडवत. बाकी वाचतोय.

पाटीपेन्सिल

आधी भागाकार तरी करू म्हणून कागद घेतला. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरचा ९ उतरवला, ४४८९. सात वेळा म्हणजे ४४८७, बाकी २. मग ६ उतरवला, २६, शून्य. ७ उतरवला, २६७, पुन्हा शून्य. २ उतरवला, २६७२, चार वेळा, बाकी १०८. ९ उतरवला, १०८९, एकदा, बाकी... पुन्हा ४४८! शेवटचा ७ उतरवला, ४४८७. आणि ६४१ साती ४४८७ हे आपण वरच करून ठेवलेलं आहे. बाकी शून्य.

आधी दोनने हुकलं आणि शेवटी तेच गणित चपखल बसलं. हा भागाकार एकदा हाताने करून बघाच, कॅल्क्युलेटरवर ही गंमत दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. ११६ भागाकार जाऊ द्या हो, फर्माला पाचच करायचे होते. आणि ते पाच कोणते हे सांगणारं हत्यार त्याच्याच खिशात होतं.

समजा 'म' ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. म्हणजे २^३२ ला 'म' ने भागलं की बाकी -१ (म्हणजे 'म' ला एक कमी). दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. याचा अर्थ २ चे घात घेत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोब्बर ६४ व्या घाताला. ती ३२ व्याला किंवा त्याच्या एखाद्या विभाजकाला आली असती, तर २^३२ ची बाकीही १ झाली असती, आणि ती तर -१ आहे. इकडे फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २^(म-१) ची बाकी १ असते. म्हणून म-१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

तेव्हा उमेदवार फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणारे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा घाव आणि दोन तुकडे.

आणि हे त्याला सुचलं नसेल असं म्हणायलाही जागा नाही. २^३७ - १ ला २२३ ने भाग जातो हे त्याने १६४० मध्ये अशाच चाळणीने काढलं होतं (२२३ = ७४ × ३ + १). तेव्हा भाचीची तक्रार रास्त आहे. दुपारही नको, तासाभराचं काम होतं.

तिरपागडे

माझा अनुभव. कॉलेजात असताना मूळ संख्या ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला होता. ऐटीत त्याला ही संख्या दिली. उत्तर आलं, "१ ही मूळ संख्या नाही."

पूर्ण रात्र चूक शोधण्यात गेली. पूर्णांक ठेवायला ३२ बिटांचा डबा घेतला होता. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. त्यापुढे काटा गरकन फिरून शून्यावर येतो आणि आपली बाई एकावर. म्हणजे निकाल बरोबर, कारण साफ चूक. तोंडी परीक्षेत मी तो निकाल तसाच दाखवला आणि पास झालो :)

एक_आकडी

हसून हसून पुरेवाट. ऑयलरच्या आधी तुम्ही असतात तर इतिहास वेगळा असता.

सावकाश

पाटीपेन्सिल, गणित मान्य, पण निकाल जरा घाईचा वाटतो. फर्माने सुरुवातीला तरी सिद्धता असल्याचा दावा केला नव्हता. पत्रांमधून तो सांगत होता की माझी खात्री आहे, पण सिद्धता हाती लागत नाही. व्यवसायाने वकील, गणित उरलेल्या वेळात. पुस्तक छापलं नाही, होती ती पत्रं. पत्रात माणूस थोडा पुढे जाऊन बोलतोच. या धाग्यावरचे आपले अर्धे प्रतिसाद उद्या कोणी तपासले तर काय निघेल?

आणि पाच उदाहरणं लागोपाठ जुळल्यावर सहावं मोडेल असं कुणाला वाटेल?

कोनशिला

@सावकाश, गणितात "पाच जुळली" याला किंमत शून्य. चार अब्जांच्या आसपास सरासरी दर बावीस संख्यांमागे एक मूळ असते. सम संख्या वगळल्या तरी अकरात एक. पुढच्या फर्मा संख्येचे अंक जवळपास दुप्पट, म्हणजे शक्यता साधारण निम्मी, मग त्याच्या निम्मी. सुरुवातीच्या पाच लहान आहेत म्हणून जुळल्या. नशीब तिथे संपलं आणि अजून उघडलेलं नाही. ६५५३७ नंतर एकही फर्मा मूळ संख्या आजतागायत सापडलेली नाही. पाचव्या क्रमांकापासून (३ ला शून्यावा धरून) बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे ठरलेलं आहे. तेहतिसावीचं माहीत नाही. तिचे नुसते अंकच अडीच अब्जांहून जास्त आहेत.

थोडक्यात, माणसाने "सगळ्या मूळ" म्हटलं आणि आज बहुतेकांचा अंदाज "यापुढे एकही नाही" असा. इतकी उलटी पडलेली अटकळ शोधून सापडायची नाही.

सावकाश

तेच म्हणतोय मी! तो चुकला नसता तर या संख्येकडे कोणी ढुंकून तरी पाहिलं असतं का? सगळं तिच्या चुकीच्या जन्मपत्रिकेमुळे.

कोनशिला

ढुंकून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. भागाकार न करता ६४१ कसा बसतो बघा.

६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १.
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४.

पहिल्यावरून: क्ष^४ - १ ला क्ष + १ ने नेहमी भाग जातो. क्ष = ५ × २^७ धरा. मग ५^४ × २^२८ - १ ला ६४१ ने भाग जातो.
दुसऱ्यावरून: ६४१ ला २^२८ ने गुणा. ५^४ × २^२८ + २^३२. यालाही ६४१ ने भाग जातोच.
दोन्हींची वजाबाकी करा. ५^४ × २^२८ उडतं, उरतं २^३२ + १.

संपलं. एकही मोठी संख्या लिहावी लागली नाही.

उरलेली_बाकी

भारी! पण हे सुचायचं कसं? ६४१ अशा दोन वेषांत येते हे आधी कोणाला कळणार?

कोनशिला

नाहीच कळणार. उत्तर कळल्यावर रचलेला युक्तिवाद आहे तो. सापडतं ते पाटीपेन्सिल यांच्या चाळणीनेच, हा नंतरचा दागिना. मला स्वतःला चाळणीच जास्त आवडते, पण दागिना पाहुण्यांना दाखवायला बरा.

दशमान

अवांतर: कोणी ही संख्या वाचून दाखवली का? चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. पुढची फर्मा संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७. भास्कराचार्यांच्या यादीत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी दहादहापट चढत जाणारी नावं आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही बया १८४ परार्ध भरते, तेव्हा नावंच संपली.

तिरपागडे

अवांतराला अवांतर: ही तर बुद्धिबळाच्या पटावरची धान्याच्या दाण्यांची गोष्ट. पहिल्या घरात १, मग २, मग ४. चौसष्ट घरांचे दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. दशमान यांची संख्या त्याहून फक्त दोनने जास्त!

दशमान

अरे हो की! मग अर्ध्या पटाचे, म्हणजे ३२ घरांचे दाणे ४२९४९६७२९५. धाग्याच्या नायिकेपेक्षा दोन कमी.

पाटीपेन्सिल

तिरपागडे, तुमचा ३२ बिटांचा डबा तो हाच. आणि ते अवांतर अजिबात नाही. २^३२ - १ चे अवयव पाडा: (२^१६ + १)(२^१६ - १). उजव्याचे पुन्हा तसेच. करत गेलं की

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

अर्ध्या पटाच्या राशीत पाचही फर्मा मूळ संख्या गुण्यागोविंदाने नांदतायत. त्यात २ मिळवले की आपली संख्या. म्हणजे तिला या पाचांपैकी कोणीही भागलं तरी बाकी २. माझ्या वरच्या पाच उमेदवारांतला २५७ त्यामुळे भागाकार न करताच बाद होतो. उरले चार.

याच विचाराने गोल्डबाखने मूळ संख्या अनंत असल्याची एक सुंदर सिद्धता दिली: कुठल्याही दोन फर्मा संख्यांचा मसावि १, म्हणजे प्रत्येक संख्या आपला निदान एक नवा मूळ अवयव घेऊन येते. आणि ऑयलरला या भानगडीत ओढणारा माणूसही गोल्डबाखच. १७२९ च्या डिसेंबरात त्याने पत्राच्या ताजा कलमात विचारलं होतं की फर्माचं हे म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे का.

कंपासपेटी

त्या गुणाकाराला भूमितीतही मान आहे. १७९६ मध्ये गाऊसने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो हे दाखवलं, एकोणीस पूर्ण व्हायच्या आत. विषम बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येतो तो बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असेल तरच. आज माहीत असलेल्यांत सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. ४२९४९६७२९७ मूळ असती तर तिच्याही बाजूंचा आला असता.

तिरपागडे

पेन्सिलीला टोक करत बसा म्हणजे झालं.

आडवळण

दोन वर्गांचं कोणीच सांगितलं नाही? फर्माचीच दुसरी गोष्ट: चारने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि एकाच प्रकारे. आपली संख्या उघड उघड ६५५३६² + १² आहे. ती मूळ असती तर दुसरा प्रकार नसता. पण

६२२६४² + २०४४९² = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७

झाली की नाही पकडापकडी! आणि या दोन प्रकारांवरून अवयवही निघतात. ६५५३६ - ६२२६४ = ३२७२. २०४४९ - १ = २०४४८. दोघांचा मसावि ८. भाग दिल्यावर उरतात ४०९ आणि २५५६. शिवाय ६५५३६ + ६२२६४ = १२७८००, त्याला २५५६ ने भागा, ५० येतात. आता ८ आणि ५० चे अर्धे घ्या, ४ आणि २५:

४² + २५² = ६४१
४०९² + २५५६² = ६७००४१७

पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा ६४१ कागदावर उमटल्यावर अंगावर काटा आला होता. शिवाय २०४४९ हा १४३ चा वर्ग आहे. त्याचा पुढे काही उपयोग नाही, पण आहे.

एक_आकडी

वाचनखूण साठवली. अंकांची बेरीज ५९, तीही मूळ. मीही काहीतरी योगदान दिलं.

दशमान

झेरा कोलबर्नचं ऐकलंय का? १८०४ चा जन्म. लहानपणी त्याच्या तोंडी हिशेबाचे लंडनमध्ये खेळ होत. त्याला ही संख्या घातली आणि त्याने ६४१ चटकन सांगितला, अशी हकीकत सांगतात.

सावकाश

ऑयलरनंतर ऐंशी वर्षांनी? घरून पाठ करून आला असेल.

दशमान

पोरगं आठेक वर्षांचं होतं हो. पाठ करायला ही काय पावकी-निमकी आहे?

सावकाश

तुमच्या माझ्या पिढीला पावकी-निमकी तरी कुठे येते. असो, मुलाला अर्धे गुण देतो. पण मूळ मुद्द्यावर माझा अंदाज ऐका. फर्माने ती चाळणी लावलीच असेल आणि भागाकारात कुठेतरी हातचा चुकला असेल. पाटीपेन्सिल यांचा भागाकार पुन्हा पाहा. ४४८९ मधून ४४८७. एक अंक इकडचा तिकडे झाला की बाकी उरते, माणूस म्हणतो "नाही जात" आणि पुढे जातो. पुढे कुठवर गेला असेल कोण जाणे, पण ६४१ कडे परत येणार नाही.

पाटीपेन्सिल

हे मात्र पटलं. मी स्वतः पहिल्या खेपेला बाकी २ ऐवजी १२ लिहिली होती आणि खाडाखोड केली. वर सांगितलं नव्हतं.

कोनशिला

यातला खरा विनोद असा की फर्माने आपल्या छोट्या प्रमेयाने २ घेऊन ही संख्या तपासली असती, तरी ती "मूळ असू शकते" असंच म्हणाली असती. २^६४ ची बाकी १ हे वर आलंच आहे. तपासायचा असतो २ चा ४२९४९६७२९६ वा घात, आणि त्या घातांकाला ६४ ने भाग जातो. बाकी १. संख्या साळसूदपणे परीक्षा पास! सगळ्याच फर्मा संख्या २ च्या परीक्षेत अशा फसवतात. ३ घेतला की लबाडी उघडी पडते. १८७७ मध्ये पेपँने त्यावरच कसोटी बांधली: ३ घ्या, वर्ग करा, संख्येने भागून बाकी ठेवा, असं ३१ वेळा. शेवटी -१ उरला तर मूळ, नाहीतर संयुक्त. अवयव शोधायची गरज नाही. विसाव्या आणि चोविसाव्या फर्मा संख्या संयुक्त आहेत हे असंच कळलं, पण त्यांचा एकही अवयव अजून हाती नाही.

उरलेली_बाकी

सगळ्यांचे आभार. काल भाचीला धागा वाचून दाखवला. हातचा चुकला असेल हे तिला लगेच पटलं (स्वतःच्या अनुभवावरून). पण मग नवीन खुसपट: "६७००४१७ तरी मूळ आहे कशावरून?"

पाटीपेन्सिल

छान विचारलं. लुकासने १८७८ मध्ये चाळणी आणखी बारीक केली, ६४ ऐवजी १२८ च्या पटीत एक. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंतच्या अशा मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ बाद आहेच. बाकीचे चार भागाकार तिलाच करू दे.

उरलेली_बाकी

केले. ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. ११५३ चा तिने दोनदा केला, पहिल्यांदा हातचा चुकला. म्हणाली, "बघ, फर्मा."

आता वहीच्या नव्या पानावर १८४४६७४४०७३७०९५५१६१७ लिहून बसली आहे. कुठून सुरू करू विचारते.

पाटीपेन्सिल

२५६ च्या पटीत एक. २५७, ५१३, ७६९ असं.

उरलेली_बाकी

किती पायऱ्या?

कोनशिला

१०७१ वी पायरी, २७४१७७. तिला सांगू नका.

उरलेली_बाकी

उशीर झाला. मागे उभी राहून वाचत होती. "सांगितलंत कशाला" म्हणून रुसली आहे, आणि मी त्यापुढची फर्मा संख्या लिहून द्यायची अशी शिक्षा झाली आहे. एकोणचाळीस अंक आहेत. लिहितोय.